जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट : तेलाची चूक व तिची दुरुस्ती

लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चाकूरच्या आसपास, जूनच्या मध्यास थोडा वेळ उभे राहिले तर पेरणी यंत्रे पाठीवर घेऊन जाणारे ट्रॅक्टर एकामागून एक दृष्टीस पडतात. त्यांपैकी पुष्कळ ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षे वापरलेले, काही तर त्याहूनही जुने असतात. इंजिन दोनदा बांधलेले, रंग उडालेला, आसनाचे कापड फाटलेले. परंतु काम चालू असते. हे ट्रॅक्टर मोडीत काढावेत असे आम्ही कोणास सांगणार नाही. नीट राखलेला जुना ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याचे काम अजून कित्येक वर्षे करू शकतो. मात्र त्याची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा, पेरणीच्या ऐन वेळी बिघडते अशी तक्रार वारंवार कानी येते. असा बिघाड झाला की बहुधा पंपावर खापर फोडले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा पंप निर्दोष असतो आणि दोष आपण ओतलेल्या तेलात असतो.

चाकूर तालुक्यातील एका गावी पाहिलेला प्रकार येथे थोडा विस्ताराने देतो. शेतकऱ्याकडे फर्ग्युसन पद्धतीचा, वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर होता. दोन चांगले पाऊस झाले, वाफसा आला आणि त्यांनी सोयाबीन पेरावयास घेतले. आठवड्याने रान पाहिले तेव्हा सकाळी पेरलेल्या भागात उगवण बरी होती. दुपारी पेरलेल्या भागात मात्र ओळीओळींतून हात-दोन हात लांबीचे खंड पडलेले होते. बियाणे घरचे, उगवणशक्ती तपासलेली, एकाच पोत्यातील. खुरप्याने माती उकरून पाहता खंडातील दाणे तीन इंच खोल, कुजू लागलेले आढळले. त्याच ओळीत थोडे पुढे दाणे जेमतेम मातीआड होते व ते पाखरांनी टिपलेले होते. सोयाबीनचा दाणा ३ ते ४ सें.मी. खोलीवर पडावयास हवा. ५ सें.मी.च्या खाली गेलेला दाणा आपल्या काळ्या रानात, वर पावसाने पापडी धरली असता, बाहेर येणे कठीण.

पेरणी यंत्रास खोली राखणारी चाके नव्हती. ते सर्वस्वी लिफ्टच्या बाहूंवर तोललेले होते. ट्रॅक्टर चालकास विचारता त्याने सांगितले की ऊन तापले की यंत्र आपोआप खाली बसू लागे, मग एकदम झटका देऊन वर येई, पुन्हा बसू लागे. गावी आलेल्या मिस्त्रीने ते पाहून लगेच निदान केले होते : "मालक, पंप गेला. वरचं झाकण उतरवावं लागतंय." नवा पंप, ओढून नेण्याचे भाडे आणि तीन-चार दिवसांचा खोळंबा असा तो हिशेब होता. उरलेले पाच एकर रान वाफशावर उभे होते. वाफसा कोणासाठी थांबत नाही.

आम्ही प्रथम तेलाची कांडी काढून पाहिली. तेल कांडीवर ठरेना, पाण्यासारखे ओघळे. रंग काळपट, त्यात राखाडी गढूळपणा, आणि वासावरून इंजिनातील वापरलेले तेल ओळखू येत होते. मग मागील इतिहास विचारला, तो असा निघाला. दिवाळीच्या सुमारास गिअरपेटीचे तेल बदलले, तेव्हा "जुन्या मशिनीला घट्ट तेल बरे, दात झिजत नाहीत" असे कोणी सांगितल्यावरून १४० क्रमांकाचे गिअर तेल भरले. पौषातील थंडीत सकाळी लिफ्ट उचलेनाशी झाली. इंजिनाचा वेग वाढविला की आतून खडखडाट येई, आणि दहा-अकरा वाजता ट्रॅक्टर तापला की काम सुरळीत होई. यावर उपाय म्हणून तेल थोडे काढून त्यात इंजिनातील जुने तेल मिसळण्यात आले. सकाळची अडचण गेली. पुढे उन्हाळ्यात शेजाऱ्याची उलटणारी ट्रॉली याच ट्रॅक्टरला जोडून माती व शेणखत वाहिले. तिच्या सिलिंडरातील तेलही यात मिसळले. एका चुकीवर दुसरी व दुसरीवर तिसरी अशी ही साखळी होती, आणि प्रत्येक वेळी करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

तेलाने एवढे का बिघडावे हे समजण्यासाठी यंत्रणेची रचना ध्यानी घेतली पाहिजे. पूर्वी नांगर बैलांप्रमाणेच ट्रॅक्टरच्या मागे ओढला जाई. हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने अवजार तीन बिंदूंवर ट्रॅक्टरला जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची व त्याची खोली आपोआप राखण्याची पद्धत सिद्ध केली. त्याचा राखाडी रंगाचा लहान टी.ई. २० ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे बनू लागला. पुढे १९५३ साली त्याचा धंदा मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाला, आणि भारतात १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट कंपनीने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. आज सर्वच ट्रॅक्टरांवर दिसणारी तीन बिंदूंची जोडणी ही मुळात त्याचीच.

या पद्धतीच्या जुन्या ट्रॅक्टरांत पंप बाहेर दिसत नाही. तो मधल्या पेटीत, तेलात बुडालेला असतो. गिअरपेटी, लिफ्ट व मागील धुरा या तिन्हींना एकच तेल पुरते. म्हणून "हे गिअरचे तेल, त्याचा लिफ्टशी काय संबंध" हा समज येथे लागू पडत नाही. जे दातांना लागते तेच पंप ओढतो. पंपातील पिस्टन ते तेल जाळीतून ओढतात, उभ्या नळीने वरच्या झाकणातील सिलिंडरात ढकलतात, तेथील मोठा पिस्टन सरकतो आणि आडव्या दांड्यामार्फत लिफ्टचे दोन्ही बाहू वर येतात. तेल आत सोडणारी झडप फर्ग्युसनने पंपाच्या ओढीच्या बाजूस बसविली आहे. ओढीच्या वाटेत जाळीही आहे व झडपही आहे. आता तेल काकवीसारखे घट्ट असेल तर ते त्या अरुंद वाटेने पुरेसे येत नाही, पंप अर्धा रिकामा चालतो व खडखडतो. थंडीतील सकाळचा आवाज तो हाच. अशा वेळी इंजिनाचा वेग वाढविणे म्हणजे उपाशी पंपास अधिक पळविणे होय. त्याने पंपाचे पृष्ठभाग खरवडले जातात.

उलट तेल फार पातळ झाले तर ते ओढीच्या बाजूने सहज येते, परंतु दाबाच्या बाजूने टिकत नाही. जुन्या पिस्टनच्या कडी-वलयांत थोडी फट असतेच. योग्य घट्टपणाचे तेल त्या फटीतून हळूहळू पाझरते, पातळ व तापलेले तेल धावते. बाहू खाली सरकतात. सरकल्याचे समजताच झडप उघडते, पंप पुन्हा तेल ढकलतो व बाहू झटक्याने वर येतात. यासच चालक "लिफ्ट उचक्या देते" असे म्हणतात. दुपारच्या पेरणीतील खंड या उचक्यांचे होते.

यावरून निदानाची एक सोपी खूण हाती येते. लिफ्ट थंडपणी नाही व तापल्यावर चालते, तर घट्ट तेल, तुंबलेली जाळी किंवा कमी पातळी यांचा संशय घ्यावा. थंडपणी चालते व तापल्यावर ढासळते, तर पातळ तेल किंवा झिजलेली वलये पहावीत. थंडपणी व तापल्यावर दोन्ही वेळा मुळीच उचलत नसेल, तर आणखी एक गोष्ट पहावयाची असते, आणि ती सांगताना थोडे हसू येते. फर्ग्युसन पद्धतीच्या या जुन्या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या दांड्यावरच फिरतो. पीटीओचा हातखांब बंद असला तर पंप फिरणारच नाही. मळणी यंत्र सोडताना तो बंद करून ठेवावा व दुसरे दिवशी दुसऱ्याच चालकाने लिफ्ट "मेली" म्हणून मिस्त्रीस बोलवावे, असे घडते.

झाकण उतरविण्याची घाई का करू नये याचेही कारण आहे. पंपाकडून सिलिंडराकडे जाणाऱ्या उभ्या नळीस रबरी वलये असतात. जड झाकण उघड्या रानात, धुळीत, चार माणसांनी उचलून पुन्हा बसविताना ही वलये चिरडतात व नसलेला दोष निर्माण होतो. तेलाची तपासणी झाल्यावाचून झाकणाचा एकही बोल्ट सैल करू द्यावयाचा नाही, असा नियम शेतकऱ्याने स्वतःपुरता करून ठेवावा. मिस्त्रीचा राग आला तरी चालेल.

त्या ट्रॅक्टरची दुरुस्ती एका दिवसात व एका रात्रीत झाली. प्रथम तो अर्धा तास चालवून तेल कोमट केले, कारण थंड तेल सर्व गाळ बरोबर घेऊन उतरत नाही. सपाट जागी उभा करून, अवजार सोडून, बाहू पूर्ण खाली आणले. बाहू वर राहिले तर सिलिंडरातील तेल वरच अडकते व जुने तेल नव्यात मिसळते. इंजिन बंद केल्यावर पेटीचा खालचा भाग आणि तेल भरण्याचे तोंड ब्रशाने व फडक्याने स्वच्छ केले. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते व बूच उघडताच आत पडते. मग पेटीखालची सर्व बुचे काढली. एकच बूच काढून समाधान मानणे ही नेहमीची चूक आहे. पेटीतील कप्प्यांत तेल साठून राहते. रात्रभर ते ठिबकू दिले.

बुचास चिकटलेला गाळ बोटांत चोळून पाहिला. गुळगुळीत राखाडी लेप जुन्या यंत्रात असावयाचाच. चमकणारे कण किंवा पत्र्याच्या कपच्या निघाल्या असत्या, तर मात्र दात किंवा बेअरिंग तुटत आहे असे समजून पेटी उघडणे भाग पडले असते. येथे लेपच होता. पंपाच्या तोंडाची जाळी काढून रॉकेलमध्ये धुतली व पूर्ण वाळविली. जाळीवर सुताचे बारीक तंतू गुंडाळलेले सापडले. मागील वेळी कॉटन वेस्टने आतून पुसल्याचा तो परिणाम होता. आतील भाग पुसण्यास धागे न सुटणारे, धुतलेल्या जुन्या धोतराचे फडके वापरावे. ही जाळी कोठून काढावयाची हे नमुन्यानुसार बदलते. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आकृती असते. जाळीच्या झाकणाचे पॅकिंग नवे टाकावे. तेथून हवा आत गेली तर तेलास फेस येतो आणि लिफ्ट पुन्हा आचके देते.

मिस्त्रीची सूचना पेटी डिझेलने धुण्याची होती. आम्ही ती मानली नाही. डिझेलात दात कोरडे घासतात, आणि कानाकोपऱ्यांत राहिलेले डिझेल नव्या तेलास पातळ करते. म्हणजे ज्या रोगासाठी औषध आणले तोच रोग पुन्हा. त्याऐवजी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल कांडीच्या खालच्या खुणेपर्यंत भरले, पीटीओ चालू ठेवून इंजिन मंद गतीने पंधरा मिनिटे चालविले, बाहू रिकामेच वीस-पंचवीस वेळा वर-खाली केले व ते तेल पुन्हा उतरविले. ते काळपटच निघाले. दुसऱ्यांदा भरलेले तेल कामाचे. पहिले भरण वाया गेले असे शेतकऱ्यास वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. तेलाचे अनेक डबे लागतात. तथापि नव्या पंपाच्या तुलनेत, आणि बुडालेल्या वाफशाच्या तुलनेत, हा खर्च लहान ठरतो. ते उतरविलेले तेल गाळून पुन्हा लिफ्टमध्ये मात्र घालू नये. साखळ्या, बिजागऱ्या यांस ते चालते.

कोणत्या क्रमांकाचे तेल घालावे, असा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. सर्वांस लागू पडेल असा एक क्रमांक आम्ही मुद्दामच देत नाही. काही बनावटींत पंप इंजिनाच्या बाजूस असतो, त्याची टाकी निराळी असते, व तेथे गिअरचे तेल मुळीच चालत नाही. पुस्तिका हरवली असल्यास त्याच नमुन्याच्या दुसऱ्या ट्रॅक्टरची पहावी अथवा अधिकृत विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. मिळालेला क्रमांक रंगाने तेल भरण्याच्या तोंडाशीच लिहून ठेवावा, म्हणजे चालक बदलला तरी चूक होणार नाही. ब्रेकचे तेल कोणीही, कधीही लिफ्टमध्ये ओतू नये. त्याने रबरी वलये फुगतात व निकामी होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी व मुद्दाम भर दुपारी परीक्षा घेतली. पेरणी यंत्र उचलून, त्याच्या उंचीची खडूने खूण करून इंजिन बंद केले. अर्ध्या तासात ते थोडे खाली आले, परंतु उचक्या गेल्या. थोडी घसरण राहिली, कारण सिलिंडराच्या पिस्टनची वलये खरोखरच जुनी होती. ती सुगीनंतर, घाई नसताना, बंदिस्त जागेत बदलावयाचे ठरले व तशी बदलली. उरलेली पेरणी पार पडली. खंड पडलेल्या ओळींत लगेच बी टोकून नांग्या भरल्या. जेथे मोठे पट्टे रिकामे होते तेथे तूर टोकली. पूर्ण भरपाई अर्थात झाली नाही.

ट्रॉलीविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण हल्ली एक ट्रॉली चार ट्रॅक्टरांना जोडली जाते. ट्रॉलीच्या सिलिंडराचा आतील व्यास १० सें.मी. व धाव १ मीटर धरली, तर त्यात सुमारे ७.८ लिटर तेल मावते. ट्रॉली उचलली की एवढे तेल ट्रॅक्टरच्या पेटीतून बाहेर जाते आणि पातळी तितकी उतरते. पंप उघडा पडून हवा ओढू शकतो. ट्रॉली उंच असतानाच नळी सोडली तर ते तेल परत येतच नाही. आणि परत येते ते बरोबर मागील ट्रॅक्टरचे तेल, नळीच्या तोंडाची माती व असेल ते पाणी घेऊन येते. ट्रॉली नेहमी खाली करूनच नळी सोडावी, दोन्ही तोंडांस टोपणे असावीत, आणि जोडण्यापूर्वी ती पुसावीत. ट्रॉली भाड्याने देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांनी एकाच प्रतीचे तेल वापरण्याचे ठरविले तर उत्तम. नांदेड-लातूरकडील काही गावांत पलटी नांगराच्या नळ्यांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

पावसाळ्यात तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. अंगणात उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या गिअर दांड्याचे रबरी आवरण फाटलेले असते व तेथून पावसाचे पाणी सरळ पेटीत उतरते. आवरण स्वस्त आहे. ते न मिळेपर्यंत पत्र्याचा डबा उपडा घालून ठेवला तरी पुष्कळ बचाव होतो.

आता जे सांगावयाचे ते यंत्राविषयी नसून माणसाविषयी आहे. उचललेल्या अवजाराखाली किंवा उचललेल्या ट्रॉलीखाली केवळ तेलाच्या भरवशावर कोणीही शिरू नये. एक वलय फाटले की भार क्षणात खाली येतो. अवजार जमिनीवर टेकवावे. ते शक्य नसल्यास भक्कम लाकडी ठोकळे व ट्रॉलीस लोखंडी टेकू द्यावा, दगड-विटा नव्हेत. तसेच गळती शोधण्यासाठी नळीवरून हात फिरवू नये. या यंत्रणेतील दाब दर चौरस सेंटीमीटरला शंभर किलोग्रॅमच्या वर जातो. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीस दुखतही नाही, आणि म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे घडल्यास घरगुती उपाय न करता त्याच क्षणी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे व दाबाखालील तेल आत शिरले आहे असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. गळती पहावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ धरावा. त्यावर ओल उमटते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात, पेरणीपूर्व सभांच्या वेळी, गावातील जुने ट्रॅक्टर एका ठिकाणी बोलावून केवळ तेलाची कांडी व गिअर दांड्याचे आवरण एवढेच तपासावे. एका सकाळी वीस ट्रॅक्टर सहज होतात. ज्या तरुण चालकांस या विषयाची आवड दिसेल त्यांना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेची माहिती द्यावी. १९५५ साली सुरू झालेल्या या संस्थेत ट्रॅक्टर व कृषियंत्रे चालविण्याचे आणि राखण्याचे शिक्षण दिले जाते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठातील कृषि अभियांत्रिकी विभागाकडेही शंका विचारता येतील.

उतरविलेले जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकास द्यावे. आणि त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत "जुने" असे लिहावे, कारण वर सांगितलेल्या ट्रॅक्टरात ओतले गेलेले तेल अशाच एका विनानावाच्या डब्यातून आले होते.